मोठे जहाज की लहान होडी?

लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचा संच विकत घेणे आणि ते जहाज बांधणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पैसे लागतात, दुसरीला वर्षे. पैशांचा आकडा दुकानदार सांगतो. वर्षांचा हिशेब आपला आपणच मांडावा लागतो. निवृत्तीनंतर हा छंद धरणाऱ्याने तर तो आधीच मांडावा, असे आमचे मत झाले आहे.

संचाच्या खोक्यावर बहुधा एखादी शिडांनी फुललेली युद्धनौका असते. त्यांत इंग्लंडच्या ‘व्हिक्टरी’चा मान मोठा. १७६५ मध्ये चॅटमच्या गोदीत पाण्यात उतरलेली आणि १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनने जिच्यावर प्राण ठेवला, ती ही नौका. तोफांच्या मजल्यावर तिची लांबी १८६ फूट. १:७२ या प्रमाणात ती अडीच फुटांच्या थोडी वर येते. नाळेतून पुढे झेपावणारी काठी धरली तर प्रतिकृती साडेचार फुटांची होते. तीन डोलकाठ्या, शंभरावर तोफा, शेकडो दोऱ्या आणि प्रत्येक दोरीची ठरलेली जागा. आमच्या चिरंजीवांचा आग्रह हिच्यासाठीच होता. “बाबा, घ्यायचंच तर मोठं घ्या,” असे त्यांनी दूरध्वनीवरून सांगितले. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “अहो, त्यावरची धूळ कोण पुसणार?”

प्रश्न थट्टेचा वाटला तरी खरा होता. दोऱ्यांच्या जाळ्यात शिरलेली धूळ फडक्याने निघत नाही. तिला काचेची पेटीच हवी. वाडे जाऊन फ्लॅट आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरांत पाच फुटांची पेटी ठेवायची कुठे? त्याहून मोठा प्रश्न हातांचा. आमचा अंगठा आणि तर्जनी सकाळी तासभर स्थिर राहतात. पुढे त्यांना सुई धरवत नाही. जाणकार अशा नौकेसाठी हजारांवर तास धरतात. रोजचा एक तास, मध्ये आजारपण, लग्नकार्य, प्रवास. म्हणजे चार-पाच वर्षे सहज. आमचे वय अडुसष्ट. सरकारी नोकरीत असताना पायाभरणीचे दगड जागच्या जागी आणि योजना मात्र कागदावर, असे प्रकार आम्ही पुष्कळ पाहिले. तसला एक दगड आपल्याच दिवाणखान्यात बसवण्याची आमची इच्छा नव्हती.

तेव्हा आम्ही खोक्यावरचे चित्र बाजूला ठेवून चार गोष्टी पाहिल्या. पहिली, प्रमाण: लहान नौका मोठ्या प्रमाणात घेतली तर तिचे भाग बोटांना पेलतात. दुसरी, डोलकाठ्या: त्या जितक्या कमी तितकी दोऱ्यांची गुंतागुंत कमी. तिसरी, अंगाची रचना: काही संचांत लाकडाचा भरीव ठोकळा तासायचा असतो, काहींत कण्यावर आडवे पडदे बसवून त्यांवर पट्ट्या चढवायच्या असतात. पट्ट्यांचे दोन थर असले की खालच्या थरातले उंचसखल वरच्याखाली झाकते. चौथी, नकाशे: ते स्वच्छ नसतील तर उत्तम लाकूडही व्यर्थ.

या कसोट्यांवर आमची निवड थांबली ती ‘बाउंटी’ जहाजावरच्या होडीवर. हिचा १:१६ प्रमाणातला संच मिळतो. मूळ होडी २३ फुटांची, म्हणजे प्रतिकृती जेमतेम दीड हाताची नव्हे, दीड फुटाची. २८ एप्रिल १७८९ रोजी बंडखोरांनी कप्तान विल्यम ब्लाय याला १८ माणसांसह या उघड्या होडीत उतरवून दिले. बरोबर १५० पौंड पाव, २८ गॅलन पाणी, थोडे डुकराचे मांस आणि मद्य, एक होकायंत्र, एक कोनमापक. सागराचा नकाशा नाही. टोफुआ बेटावर एक माणूस मारला गेला. पुढे नारळाच्या करवंट्यांचा तराजू करून आणि पिस्तुलाच्या गोळीचे वजन टाकून ब्लाय प्रत्येकाला पाव तोलून देत असे. सुमारे ३,६०० सागरी मैल काटून १४ जूनला उरलेले सारे जण तिमोरमधील कुपांग बंदराला जिवंत लागले. ब्लायच्या स्वभावाविषयी मतभेद पुष्कळ. त्याच्या नौकानयनाविषयी नाहीत. आणि ते मोठे जहाज? पिटकेर्न बेटाजवळ १७९० च्या जानेवारीत बंडखोरांनीच ते जाळून टाकले.

होडी लहान म्हणून काम हलके, असे मात्र नाही. तिला वरचा मजला नसतो, त्यामुळे आतल्या फासळ्या जन्मभर उघड्या राहतात. झाकायला काही नाही. फळ्या चढवण्यापूर्वी एक लवचिक पट्टी फासळ्यांवरून वाकवून पाहायची. ती जिथे उचलली जाईल वा दबेल तिथे कानशीने तासायचे. फळी दोन्ही टोकांना निमुळती करायची, गरम पाण्यात भिजवायची, मग वाकवायची. डावीकडे एक बसली की उजवीकडे एक. एकाच बाजूला चढवत गेल्यास कणा पिळवटतो. हा शेवटचा नियम आम्हांला फार आवडला. संसारातही तो बहुधा लागू असावा.

या कामात आणखी एक लाभ झाला. समुद्रापासून शेकडो मैल दूर, पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहिलेल्या आमच्या मराठीतून नाळ, डोलकाठी, परबाण, सुकाणू हे शब्द जवळजवळ निघूनच गेले होते. शीड ज्या आडव्या काठीला बांधतात ती परबाण, हे नातवाला सांगताना काठी हातात होती, म्हणून शब्द त्याच्या ध्यानात राहिला. नुसता कोशातून वाचून दाखवला असता तर राहिला नसता.

होडी सात महिन्यांत पुरी झाली. ती पुस्तकांच्या कपाटात मावते आणि मऊ कुंचल्याने पुसता येते. ते काम सध्या नातवाकडे आहे. मोठे जहाज कोणी बांधूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्यापुढे वर्षे आहेत त्याने ते जरूर बांधावे. नातवाने ‘व्हिक्टरी’चे चित्र आताच भिंतीवर लावले आहे. आमच्या वयाच्या मंडळींना मात्र एवढेच सांगावेसे वाटते की, संच असा निवडावा, ज्याची शेवटची दोरी आपल्याच हाताने बांधता येईल.