वास वर येतो, रंग खाली राहतो



हल्ली तरुण पोरं एकच विचारतात. परदेशात लोक घरी व्होडका गाळतात, त्यात पाला-मुळं भिजवून परत गाळतात. ऊस आपला, हळद आपली, गवती चहा दारात. मग आपण का नको?

पहिलं उत्तर सरळ आहे. नको. विनापरवाना दारू गाळणं हा १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. ते दिसायला साध्या स्पिरिटसारखंच, पाण्यागत. नजरेनं ओळखू येत नाही, आणि डोळे जातात, जीवही जातो. आमच्या गावात हातभट्टीपायी बसलेली घरं अजून सावरलेली नाहीत.

पण या प्रश्नात शेतीचा एक धडा आहे, तो टाकून देऊ नका.

मागं एप्रिलात गोव्याला पाहुण्यांकडं गेलो, तेव्हा परवान्याची काजूची भट्टी बघितली. बोंडं तुडवून रस काढतात, आंबवतात. पहिली गाळलेली ती हुर्राक. ती आंबलेल्या रसात घालून पुन्हा गाळली की फेणी. या काजू फेणीला २००९ साली जीआय मिळालं. तिथंच दुकशिरी फेणी असते, तिच्यात अनंतमुळाची चव उतरवलेली असते. अनंतमूळ म्हणजे आपली उपळसरी, डोंगराकडेला वेल असतो तोच.

चव उतरवायच्या दोन तऱ्हा आहेत. नुसतं भिजवलं तर रंग, कडूपणा, तुरटपणा सगळंच उतरतं. तेच परत गाळलं तर वाफेबरोबर उडणारं तेवढंच वर येतं, म्हणजे सुगंधी तेल. सांगलीची हळद घ्या. पिवळा रंग देणारं कुरकुमिन उडत नाही, ते भांड्यात राहतं. धार येते बिनरंगी, पण वास हळदीचा. साताऱ्याच्या आल्याचंही तसंच. झणका खाली, वास वर.

आता हिशोब बघा. कारखाना आपल्या उसाच्या मळीपासून स्पिरिट काढतो. चांगल्या शुद्ध स्पिरिटला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. देशी जिन बनवणारे त्यात हळद, आलं, वेलदोडा घालतात, तेव्हा तिला ओळख येते. म्हणजे ओळख देणारा माल शेतातच पिकतो.

आणि तो वास काढायला दारू लागतच नाही. पाण्याची वाफही तेच काम करते. वाफ पाल्यातून जाते, थंड होते, तेल पाण्यावर तरंगतं. गवती चहाच्या १०० किलो ओल्या पाल्यातनं साधारण पाव ते अर्धा किलो तेल निघतं.

माझं लक्ष मात्र हळदीच्या पाल्यावर आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मिळालं, ते कंदाच्या जोरावर. पाला आपण काढणीआधी कापतो आणि बांधाला टाकतो. कोकणात त्याच पानात पातोळ्या उकडतात, आणि घरभर वास सुटतो. तो वास पानातल्या तेलाचा.

यंदा दोन गुंठ्यांतला पाला वेगळा कापणार आहे. अर्धा हिरवा असताना, अर्धा वाळायला लागल्यावर. दोन्हीचं वजन, निघालेलं तेल, जळालेलं सरपण, सगळं वहीत लिहिणार. सरपण आणि मजुरी तेलाच्या पैशात बसली पाहिजे. नाहीतर पाला रानातच कुजवलेला बरा, जमिनीला तरी मिळेल.

कृषी पदवीधर मंडळींना एकच विचारतो. पाला आधी कापला तर कंद किती मार खातो? हे कळल्याशिवाय तेलाचा हिशोब अर्धाच.