‘बाबांना सांगू नका, डॉक्टर’

‘लिव्हिंग’ (२०२२) हा ब्रिटिश चित्रपट कुरोसावांच्या ‘इकिरू’वर (१९५२) बेतलेला आहे. दोन्हींत एका सरकारी अधिकाऱ्याला कॅन्सर होतो आणि उरलेल्या दिवसांत तो मुलांसाठी खेळाची बाग करून घेतो. मला मात्र दोन्हींतले डॉक्टर आठवत राहतात. जपानी डॉक्टर ‘साधा अल्सर आहे’ म्हणून वेळ मारून नेतात. १९५३च्या लंडनमधल्या विल्यम्सना (बिल नाय) मात्र डॉक्टर समोर बसवून खरं ते सांगतात. हे विल्यम्स पुढे स्वतःच्या मुलाला शेवटपर्यंत काही सांगत नाहीत, ते वेगळंच!

आपल्याकडे पेशंट बाहेर बसतो आणि मुलगा आत येऊन म्हणतो, ‘बाबांना सांगू नका, खचतील.’ सुरुवातीला मीही ऐकायचो. एका निवृत्त शिक्षकांना चार महिने ‘लिव्हरला सूज आहे’ असंच सांगत राहिलो. एकदा मुलगा औषधं आणायला गेला, तेव्हा ते हळूच म्हणाले, “डॉक्टर, मला सगळं माहीत आहे. पोराला तेवढं कळू देऊ नका.”

आता मी आधी पेशंटलाच विचारतो, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती सांगू? आणि ऐकताना जवळ कोण हवं?