आधी काय उचलायचं

निर्जन बेटावर घरातली एकच वस्तू न्यायची, तर कोणती न्याल? मित्रमंडळींत हा प्रश्न अधूनमधून निघायचा आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. आजोबांची आरामखुर्ची. सागवानी, लांब हातांची, वेताने विणलेली. डोळ्यांसमोर चित्रही तयार असायचं: समुद्र, खुर्ची आणि मी. त्या चित्रात दुसरं कुणीच नसतं, हे मला कधी खटकलं नाही.

या उत्तरामागे एक गर्व होता. माणसाची पारख त्याच्या घरातल्या लाकडी सामानावरून होते, असं मी मानायचो. ती खुर्ची वाटणीत सांगलीला आत्याकडे गेली, याचं मला वाईट वाटायचं. गावभागातल्या तिच्या घरात लोखंडी कॉट होती, एकात एक रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि हिरवा ऑइलपेंट फासलेली एक घडवंची होती. ‘आत्या, चांगल्या लाकडाचं काय करून ठेवलंयस,’ असं मी तिला एकदा म्हणालोही होतो. ती काही बोलली नव्हती.

मी साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला पाऊस दिसतो, पूर दिसत नाही. कृष्णा माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला. आमच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली जाऊन कुणाच्या तरी उंबऱ्याला लागतो, हे मी भूगोलात शिकलो होतो; मनात कधी घेतलं नव्हतं. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ १९२९ सालच्या या पुलाशी नदीची उंची मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. त्या वेळी मी आत्याकडेच अडकलो होतो.

पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आत्या म्हणाली, ‘आधी ज्वारी वर ने, मग घडवंची.’ मी आरामखुर्ची उचलली. आतेभावाला हाताशी घेतलं. जिना अरुंद आणि खुर्चीचे हात लांब. ती आडवी केली, उभी केली, वळणावर अडकली, पुन्हा खाली घेतली. ती वर पोचली तोवर खालच्या खोलीत पाणी शिरलं होतं आणि ज्वारीची पोती तळातून भिजली होती. आत्या रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सागवानाला पाण्याचं फारसं भय नसतं, हे मला ठाऊक होतं. १८१७ साली मुंबईत सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर आहे. खुर्ची बुडली असती तर फार तर वेत नव्याने विणावा लागला असता. भिजलेल्या ज्वारीला मात्र वास सुटतो, मोड येतात आणि ती जाते. ज्याला पाण्याचं भय नव्हतं ते मी वाचवलं आणि ज्याला होतं ते सोडलं. याला मी आजवर वारशाचं प्रेम म्हणत आलो होतो. ती निव्वळ हाव होती.

वरच्या मजल्यावर शेजारची दोन कुटुंबं आली. घराचं बेट झालं, पण ते निर्जन नव्हतं. शेजारच्या आजींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं. मी मोठ्या मानाने आरामखुर्ची पुढे केली. त्या बसल्या, पण उठता येईना. पाठ मागे कललेली, बैठक खोल. प्रत्येक वेळी दोघांनी काखेत हात घालून उठवायचं. त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच मला बघवेना. शेवटी आत्याने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. आजी तिच्या हातांवर जोर देऊन आपल्या आपण उठल्या. बोट आली तेव्हा त्याच खुर्चीत बसवून गल्लीतल्या पोरांनी त्यांना छातीभर पाण्यातून नेलं. हलकी म्हणून उचलता आली, चार पाय घट्ट म्हणून बोटीत टेकवता आली. तोवर पिण्याच्या पाण्याचे हंडे, पिठाचा डबा, सगळ्यांची औषधं घडवंचीवर होती, माणसांनी भरलेल्या ओल्या फरशीपासून वर. घडवंची असते ती त्यासाठीच. तिच्यावर मी रंग पाहिला होता, काम पाहिलं नव्हतं. आणि आत्याला अभिरुची नाही असं ठरवून बसलो होतो. कोणत्या वस्तूवर किती माणसांचं भागतं, हे ओळखण्याची तिची नजर माझ्याकडे नव्हती.

पूर ओसरल्यावर रस्त्यांवर गाद्या, सोफे, फुगून पदर सुटलेली प्लायवुडची कपाटं यांचे ढीग लागले. ते बघताना मला आमच्याच जिल्ह्यातलं कोयनेचं खोरं आठवलं. धरणासाठी तिथल्या लोकांना गावं सोडावी लागली. काही रायगड, ठाण्याकडे गेले, काही सोलापूर, सांगलीकडे. काय न्यायचं हा प्रश्न त्यांना खराखुरा पडला होता. घराच्या तुळया, दारं, कौलं उतरवून नेल्याचं त्या पिढीतल्या माणसांकडून मी ऐकलं होतं आणि ऐकून सोडून दिलं होतं. त्यांना नव्या जागी पुन्हा घर उभं करायचं होतं, सगळ्यांसाठी. डॅनियल डिफोच्या १७१९ सालच्या कादंबरीतला रॉबिन्सन क्रूसो बेटावर स्वतः टेबल-खुर्ची बनवतो; तो एकटा होता, त्याला एक खुर्ची पुरली. मी एकटा नव्हतो, तरी क्रूसोसारखं उत्तर देत राहिलो.

आरामखुर्ची मला अजूनही आवडते. आवडू नये असं मी म्हणणार नाही. आजोबांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं ते लाकूड मला प्रियच राहील. पण जास्त आवडणं आणि आधी उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत मी पाणी दारात असताना केली. त्यानंतर २०२१ च्या जुलैमध्ये सांगलीला पुन्हा पूर आला. या वेळी मी साताऱ्याहून आत्याला फोन करून काय वर न्यायचं ते सांगत बसलो नाही. वरती कोण कोण येणार आहे, एवढंच विचारलं. उरलेलं तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.