रेणूची शाळा

आमच्या अम्मीला ‘ये जो है जिंदगी’ आजही आठवते. 1984 साली दूरदर्शनवर ही विनोदी मालिका लागली, की भिंगारमधली निम्मी गल्ली आमच्या घरी जमायची. रणजीत झालेले शफी इनामदार दापोलीकडचे, म्हणून अब्बांना त्यांचं कौतुक. अम्मीला आवडायची त्याची बायको रेणू, म्हणजे स्वरूप संपत.

1979 च्या मिस इंडिया, परेश रावल यांच्या पत्नी, दोन मुलग्यांची आई. या बाईंनी पुढे इंग्लंडमधल्या वूस्टर विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. विषय, शिकताना अडखळणाऱ्या मुलांना नाटकातून शिकवणं. 2019 साली जागतिक शिक्षक पुरस्काराच्या अंतिम दहांत त्या होत्या. पुढच्याच वर्षी तो पुरस्कार शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या डिसले गुरुजींना मिळाला. तेही रणजितसिंहच!

बी.एड.ला नाट्यीकरण आम्हीही पाठ केलं होतं, परीक्षेपुरतं. सातवीतला एक मुलगा धडा वाचायला उठला, की घामाघूम व्हायचा. ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही,’ असं त्याच्या आईदेखत आम्हीच बोलून गेलो होतो.

यंदा पुस्तक मिटून त्याला भाजीवाला केलं. मेथीच्या जुडीवरून त्याने अशी घासाघीस केली, की गिऱ्हाईक झालेली मुलगी हरली. सुटे पैसेही बिनचूक परत दिले. वाचताना तो अजून अडखळतो.

परवा बाजारात त्याची आई भेटली. आम्ही आधी माफी मागितली.

“जाऊ द्या बाई,” ती हसली, “घरी रोज आम्हालाच मेथी विकतो.”