ज्यूरीचें बोलावणें

आम्ही अमेरिकेचे नागरिक झालों आणि वर्षाच्या आंत ज्यूरीवर बसण्याचें बोलावणें आलें. लागलीच आम्हीं सूट मागणारा अर्ज लिहिला: कचेरींत काम फार, कंबर दुखते, कायद्याचें ज्ञान नाहीं.

लखोटा बंद करतांना १९०८ सालचा लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आठवला. मुंबईच्या त्या ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी होते. सातांनीं दोषी म्हटलें, दोघांनीं निर्दोष. सहा वर्षांची शिक्षा कांहीं टळली नाहीं. पण विरुद्ध मत नोंदलें गेलें. त्या दोघांनींही कंबरदुखी पुढें केली असती तर?

भारतांत १९७३ च्या संहितेनें फौजदारी खटल्यांतून ज्यूरी गेली. येथें कोणी अनोळखी आरोपी आमची वाट पाहत होता. अर्ज फाडून आम्हीं सोमवारच्या पहिल्या गाडीची वेळ पाहिली.