सूर्यास्तापूर्वीचे लेबनानी ताट

दुबईच्या सतवा भागातील '२ डिसेंबर' हा रस्ता जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजूनही 'अल दियाफा'च आहे. लेबनानी खाद्यगृहांसाठी तो परिचित आहे. डिसेंबरातील एका दुपारी चार वाजता, सांगलीहून मुलाकडे आलेल्या एक वयोवृद्ध श्राविका तेथील एका लहानशा खाद्यगृहाची पायरी चढल्या. नातीचा वाढदिवस होता. त्या दिवसांत तेथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून ही वेळ ठरली होती. शाकाहारी पदार्थ वेगळ्या ओट्यावर आणि वेगळ्या भांड्यांत होतात, एवढी खात्री मुलाने आधीच करून घेतली होती.

निघतानाच नातीने बजावले होते, "आजी, तिथं प्रत्येक पदार्थाची चौकशी करायची नाही हं. मला अवघडल्यासारखं होतं."

"नाही विचारणार," आजी शांतपणे म्हणाल्या, "पण मग खाणारही नाही. तू मात्र पोटभर जेव."

टेबल भरले. वाटलेल्या छोल्यांत तिळाचे वाटण घातलेले हमस, कुरकुरीत फलाफल, ऑलिव्ह तेलाची धार सोडलेले लबने आणि हिरवेगार तब्बूले. आजींचे ताट मात्र रिकामेच होते. नातीचाही घास घशाखाली उतरेना. तेवढ्यात वृद्ध मालक स्वतः येऊन उभे राहिले. "पाहुण्यांना आवडलं नाही का?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

आजी गप्प होत्या. अखेर नातच बोलली. कांदा, लसूण, कंदमुळे का वर्ज्य, सूर्यास्तानंतर भोजन का नाही, हे तिने चाचरत सांगितले.

मालकांना नवल वाटले नाही. लेबनॉनच्या डोंगराळ भागातील ख्रिस्ती कुटुंबात ते वाढले होते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्यांच्या घरी मांस, अंडी आणि दूधही बंद असे. तेव्हाच्या अन्नाला 'सियामी' म्हणतात. मसूर आणि तांदळाची 'मुजद्दरा' हा त्यातलाच एक पदार्थ, आपल्या खिचडीचा जणू नातलग. "व्रत असलेल्याला विचारूनच वाढायचं, असं आई सांगायची," ते म्हणाले.

मग त्यांनी एकेका ताटलीकडे बोट दाखवले. हमसमध्ये सकाळीच लसूण पडला होता. फलाफलच्या वाटणात कांदा होता. लबने म्हणजे आपला चक्काच; पण तो चार दिवसांचा होता. हे सांगताना त्यांनी काही लपवले नाही. "तब्बूले मात्र नव्याने करून देतो."

थोड्याच वेळात पार्सली, पुदिना, टोमॅटो, भिजवलेला गव्हाचा दलिया, लिंबू आणि ऑलिव्ह तेल एवढ्याच साहित्याचे, कांद्याविना केलेले तब्बूले आले. आजींनी ते सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ले. पाणी पिऊन हात जोडले तेव्हा खिडकीबाहेर अजून ऊन होते.

पुढच्या रविवारी नातीने घरीच हमस केले, लसणाऐवजी जिरेपूड घालून. आजींनी फुलका मोडला. नातीने दह्याची वाटी पुढे सरकवली आणि लगेच मागे घेतली.

"द्विदल ना, आजी?"

आजी हसल्या. "आता तूच मला सांगायला लागलीस."