आवळायचं की कापायचं?

मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला जागेचा हिशेब शिकवावा लागत नाही. वन आरकेत कपाट, कॉट, लॅपटॉप आणि स्वतःला बसवता बसवता आपण सगळेच पॅकिंगचे एक्स्पर्ट झालेलो असतो. लोकलमध्ये चौथी सीट, बॅगेत डबा, डब्यात पोळीवर भाजी... सगळं कसं फिट्ट! त्यामुळे टोरांटोहून दादाचा फोन आला, 'अगं, माझा पीएसपी पाठवशील का? छोटीला दाखवायचाय,' तेव्हा मी बिनधास्त 'डन' म्हणून टाकलं. एवढंसं यंत्र, त्यात काय!

ज्यांचं बालपण थेट मोबाइलवर गेलं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. पीएसपी म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल. जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आला, अमेरिकेत मार्च २००५ मध्ये. ४.३ इंचांचा स्क्रीन, काळी कुळकुळीत बॉडी, हातात धरला की आपण भलतेच कूल असल्याचं फीलिंग! गेम मिळायचे यूएमडी नावाच्या डिस्कवर. जेमतेम ६० मिलिमीटरची चकती, प्लास्टिकच्या कवचात बंद. दोन थरांच्या डिस्कमध्ये १.८ जीबी डेटा मावायचा. दादाने २००८ मध्ये पहिल्या ऑनसाइटवरून येताना तो आणला. मी तेव्हा दहा वर्षांची. पुढे दादा कायमचा तिकडे गेला, २०१४ मध्ये सोनीने पीएसपीचा गाशा गुंडाळला आणि आमचा पीस सात डिस्कांसकट माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

आता प्रॉब्लेम. डिस्क फिरवणारी ड्राइव्ह म्हातारी झालीये. एखाद्या दिवशी गुणी बाळासारखी वाचते, एखाद्या दिवशी नुसतीच कुरकुरते. कोऱ्या यूएमडी बाजारात कधीच मिळत नव्हत्या, त्यामुळे 'दुसऱ्या डिस्कवर कॉपी मार' हा ऑप्शनच नाही. म्हणजे ती वाचतेय तोवर सातही गेम मेमरी कार्डवर उतरवून घ्यायचे. आणि कार्ड? ४ जीबीचं! मायक्रोएसडी बसवायचा अडॅप्टर मिळतो, मी ऑर्डरही केला. पण डिलिव्हरीची तारीख आणि पीएसपी घेऊन जाणाऱ्या मावशीच्या फ्लाइटची तारीख यांचं काही जमेना.

दादाच्या एका मित्राने फार पूर्वीच या पीसवर कस्टम फर्मवेअर टाकून दिलं होतं. त्यात एक सोय असते. यूएसबीने पीएसपी कॉम्प्युटरला जोडला की आतली डिस्क एक अख्खी फाइल म्हणून दिसते. तीच आयएसओ, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रतिमा. (स्वतःच्या डिस्कची, स्वतःच्या बॅकअपसाठी, बरं का. दुसऱ्याच्या मेहनतीचा गेम फुकट वाटत फिरणं हा वेगळा धंदा!) दोन रात्री ड्राइव्हची मनधरणी करून सातही फाइल्स मिळवल्या. बेरीज ६.६ जीबी. आणि ४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं की ३.७ च दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या.

मावशीच्या बॅगेचा फंडा

आता इथे येते सीएसओ. म्हणजे आवळलेली आयएसओ. तुम्ही म्हणाल, सरळ झिप करायची की! पण झिप केलेली अख्खी फाइल म्हणजे गाठोडं. तळाची वस्तू हवी तर सगळं सोडायचं. गेमला मात्र आत्ता या लेव्हलचा रस्ता हवा असतो, पुढच्या सेकंदाला राक्षसाची डरकाळी. दोन्ही डिस्कच्या दोन टोकांना.

मग सीएसओ काय करते? ती मावशीसारखं पॅकिंग करते. मावशी भाजणी, गोडा मसाला, मेतकूट सगळं वेगवेगळ्या पाऊचमध्ये भरते, एकेका पाऊचमधली हवा काढते आणि कुठल्या कप्प्यात काय आहे त्याची यादी सगळ्यात वर ठेवते. सीएसओमध्येही डिस्कचे २०४८ बाइटचे छोटे छोटे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आवळला जातो आणि कुठला तुकडा कुठे सुरू होतो याची यादी फाइलच्या सुरुवातीला बसते. एका जीबीचे तुकडे होतात सव्वापाच लाख. यादीत प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे यादीच होते २ एमबीची! पण तिच्यामुळे पीएसपी हवा तो पाऊच नेमका उचलतो, उघडतो आणि पुढे जातो. एखादा तुकडा आवळूनही लहान होत नसेल तर तो आहे तसाच ठेवायचा आणि यादीत खूण करायची. किती प्रॅक्टिकल!

आवळायचं तंत्र झिपवालंच, त्याचं नाव डिफ्लेट. आई वाण्याची यादी करताना एकदा 'पाव किलो' लिहून खाली नुसत्या दोन रेघा मारत जायची ना, तसंच. आधी येऊन गेलेली गोष्ट परत लिहायची नाही, फक्त 'वरच्यासारखंच' म्हणायचं. शिवाय वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटे कोड द्यायचे. यात एक बाइटही हरवत नाही. सीएसओची परत आयएसओ केली की मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. मी करून पाहिलं, दोन्हींचे चेकसम जुळवले. सेम टू सेम!

अर्थात फुकट काहीच नसतं. उघडायचं काम पीएसपीच्या प्रोसेसरलाच करावं लागतं आणि बिचाऱ्याचा टॉप स्पीड ३३३ मेगाहर्ट्‌झ. त्यामुळे काही गेम लोड व्हायला जरा जास्त वेळ घेतात, कधी व्हिडिओ अडखळतो. आवळायच्या लेव्हल असतात १ ते ९. नऊवर टाकलं की घाम कॉम्प्युटरचा निघतो, उघडताना पीएसपीला फारसा फरक पडत नाही. मी नऊवर टाकून झोपून गेले. आजकाल मॅक्ससीएसओ नावाचं टूल आहे, ते वेगवेगळ्या पद्धती ट्राय करून त्यातली सगळ्यात लहान ठेवतं.

खोगीरभरती

सकाळी रिझल्ट बघताना मजा आली. एक गेम १.२ जीबीवरून थेट ०.४ वर! एवढं काय होतं त्यात? काहीच नव्हतं. डिस्कवर डेटा हव्या त्या जागी बसावा म्हणून गेमवाले मध्ये डमी फाइल्स टाकायचे. नुसती शून्यंच शून्यं. ती आवळली की जवळपास गायब. थोडक्यात, खोगीरभरती. (आपल्या ऑफिसातही असे १.२ जीबीवाले असतात, पण तो विषय पुन्हा कधीतरी!)

उलट एक गेम १.४ जीबीचा, आवळूनही १.३. त्यात व्हिडिओ आणि संगीत ठासून भरलेलं. ते आधीच आवळलेलं असतं, आणि आवळलेलं परत आवळत नाही. पिळून वाळत टाकलेल्या टॉवेलमधून आणखी किती पाणी काढणार?

एकूण बेरीज ४.१ जीबी. कार्ड ३.७ चं. फ्लाइट परवा.

कात्री

इथे दुसरा मार्ग समोर येतो. कापायचं. यूएमडीजेन नावाच्या टूलमध्ये डिस्कची आतली सगळी फोल्डर्स उघडून दिसतात. डमी फाइल काढा, डिस्कबरोबर येणारा सिस्टीमचा अपडेट काढा, नको त्या भाषा काढा. आणि फारच अडलं तर व्हिडिओ काढा. गेम तरीही चालतो. फक्त जिथे गोष्ट सांगितली जाते तिथे काही दिसत नाही, सरळ पुढची मारामारी सुरू. त्या १.४ जीबीवाल्या गेमचे व्हिडिओ काढले की अर्धा जीबी मोकळा. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.

माउस तिथपर्यंत गेला. आणि तिथेच थांबला.

कारण दहा वर्षांच्या मला ते इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. म्हणून व्हिडिओ सुरू झाला की दादा आवाज बंद करायचा आणि स्वतः डबिंग करायचा. मराठीत, लाइव्ह! राक्षस अस्सल मालवणीत शिव्या द्यायचा, हिरो आमच्या गणिताच्या सरांसारखा बोलायचा आणि राजकन्या दर वेळी 'अगंबाई' म्हणत बेशुद्ध पडायची. खरी स्टोरी काय होती ते मला आजही माहीत नाही. माझ्यासाठी गेम म्हणजे तेच. मधली मारामारी ही पुढच्या व्हिडिओपर्यंत पोचायची शिक्षा.

फाइलच्या हिशेबात हा अर्धा जीबी 'अनावश्यक'. कारण खेळायला तो लागत नाही.

मी दादाला फोन लावला. तिकडे सकाळचे सात. 'दादा, जागा कमी पडतेय. व्हिडिओ उडवू का?' पलीकडे एक पॉझ. मग म्हणाला, 'फुटबॉलचा गेम अख्खा काढून टाक. पण त्याला कात्री लावू नकोस. छोटीला मराठी थोडंच येतं गं. म्हटलं, डबिंग करून बघतो.'

बस्स. फुटबॉल आउट, ०.५ जीबी मोकळा. ४.१ मधून ०.५ गेले, राहिले ३.६. त्याच्या २००९ च्या सेव्ह फाइल्सही त्यातच बसल्या.

आणि मोबाइल?

'एवढा खटाटोप कशाला, फोनवर खेळा की!' असं तुमच्यातला एक तरी टेक्नो-पंडित म्हणणारच. बरोबर आहे. हेन्रिक रीडगार्ड यांचं पीपीएसएसपीपी २०१२ पासून आहे, मे २०२४ मध्ये ते आयफोनच्या अॅप स्टोअरमध्येही आलं आणि याच सीएसओ फाइल्स ते सुखाने वाचतं. बॅकअप म्हणून मी सहाही सीएसओ आणि फुटबॉलची आयएसओ लॅपटॉपवर ठेवल्यात. पण एका स्क्रीनवर दोन डोकी जोडून बसायचं, मध्येच बटणांसाठी मारामारी करायची, हे ज्याच्यावर दर मिनिटाला नोटिफिकेशन येतं त्या फोनवर होईल असं मला तरी वाटत नाही.

या भानगडीत एक फंडा मात्र क्लिअर झाला. जागा कमी पडली की आपण सगळेच काहीतरी लहान करतो. पण आवळणं वेगळं आणि कापणं वेगळं. आवळलेलं उलगडता येतं, कापलेलं गेलं ते गेलं. माझे आणि दादाचे फोन आठवा. 'काय म्हणतेस?' 'मजेत.' 'जेवलीस?' 'हो.' दीड मिनिट, खल्लास. मला वाटायचं, बिझी लाइफ आहे, आम्ही बोलणं आवळलंय. खरं तर आम्ही व्हिडिओ काढून टाकले होते. नुसता गेम चालू होता.

मावशी पोचली. भाजणी कस्टममधून सुटली, पीएसपीही. रविवारी दादाचा व्हॉइस मेसेज आला, तब्बल अकरा मिनिटांचा. त्यात एक राक्षस मालवणीत ओरडतोय आणि मागे एक आठ वर्षांची पोरगी खिदळत सारखी विचारतेय, 'बाबा, अगंबाई म्हणजे काय?'

तो मेसेज मी अजिबात कॉम्प्रेस केलेला नाही!